मागच्या दोन चाकांचा प्रश्न

साताऱ्याच्या तंत्रनिकेतनात मी एकतीस वर्षं डिफरन्शिअल शिकवलं. ते चिखलात कसं वागतं हे पाहायला मात्र कधी गेलो नाही. त्यामुळे धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा वर्ध्याहून फोन आला आणि "दादा, जीपच्या मागच्या अॅक्सलले लिमिटेड स्लिप ठेवू का लॉकर बसवू, थे येऊन सांग" असं ती म्हणाली, तेव्हा मी लगेच होकार दिला आणि मग जुनं पुस्तक शोधायला लागलो. सेवानिवृत्त झाल्यापासून माझं मत कुणी मागितलं नव्हतं. पुण्याहून गाडीत बसलो ते उत्तर तयार करूनच.

सकाळी वर्ध्याला उतरलो. स्टेशनावर विलासराव, म्हणजे सुनंदाचे यजमान, स्कूटर घेऊन उभे होते. ते सरकारी कचेरीत कारकून होते आणि पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. स्टेशनापासून सिंदी मेघेतल्या त्यांच्या घरापर्यंत स्कूटरचा उजवा इंडिकेटर चालू होता. आम्ही चार वेळा डावीकडे वळलो.

सुनंदाला लग्न होऊन वर्ध्याला येऊन सव्वीस वर्षं झाली. तिच्या 'मला'चं 'मले' नेमकं कोणत्या वर्षी झालं हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही. तिने पुढ्यात सांबारवडी ठेवली. मी वाटीतल्या सांबाराची वाट पाहत बसलो. बऱ्याच वेळाने कळलं, की इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि ती वडीच्या पोटात आहे. वडी अप्रतिम होती.

खाणं झाल्यावर तिने मुद्द्याला हात घातला. आंजी गावाच्या पुढे त्यांचं वावर (शेत) आहे. तिथल्या दोन खोल्यांत तिचे सासरे राहतात. इकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. निवृत्तीनंतर विलासरावांना तिथेच राहायला जायचं आहे. प्रश्न पांधणीचा आहे. पांधण म्हणजे डांबरी रस्ता सोडून वावराकडे जाणारी कच्ची वाट. ती अडीच किलोमीटर आहे, आणि पावसाळ्यात तिला वाट म्हणणं हा केवळ शिष्टाचार आहे.

"दोन वर्षांमागं श्रावणात मामाजीले लकवा मारला," सुनंदा म्हणाली. "मी तिथंच होती. अँब्युलन्स डांबरी रस्त्यावर येऊन उभी. पांधणीत येऊच शकत नव्हती. शेजारच्याचा ट्रॅक्टर खोलून पडलेला. शेवटी बैलबंडी जुंपली. नाल्यात बंडी फसली. दवाखान्यात पोचेपर्यंत चार तास गेले, दादा. मामाजी वाचले. पण उजवा हात गेला आन् अर्ध्याच्या वर शब्द गेले. चार तास मी त्याइचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली."

विलासराव खिडकीबाहेर बघत होते.

"यायले वावरात राहाची हौस आहे," ती पुढे म्हणाली. "मी नाई म्हणत नाई. पण गाडी बाहेर निघन याची खात्री पाहिजे. नाई तर मी येत नाई, आन् मामाजीलेही इकडं घेऊन येतो."

म्हणजे मागच्या दोन चाकांवर एक घर अवलंबून होतं. असा प्रश्न मी परीक्षेत कधी काढला नव्हता.

वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून दोन्ही चाकांच्या मध्ये गिअरची एक पेटी असते, ती त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. हेच डिफरन्शिअल. त्याची खोड अशी, की एक चाक चिखलात सुटलं की ते एकटंच गरागरा फिरतं आणि कोरड्यावरचं चाक स्वस्थ उभं राहतं. लिमिटेड स्लिप या प्रकारात ही खोड आपोआप थोडी आवरली जाते. लॉकर मात्र दोन्ही चाकं एकमेकांना बांधूनच टाकतो. तो आपण लावायचा आणि आपणच सोडायचा. डांबरी रस्त्यावर सोडायला विसरलात तर गाडी नीट वळत नाही, टायर घासतात, एखाद्या दिवशी अॅक्सल मोडतो. माझं तयार उत्तर होतं, लिमिटेड स्लिप. इंडिकेटर पाहिल्यावर ते आणखी पक्कं झालं.

दुपारी आर्वी रोडवर देवराव मिस्त्रींच्या गॅरेजात गेलो. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. सुनंदाच्या जीपमध्ये लिमिटेड स्लिप मुळातच होती, तिच्या झिजलेल्या प्लेटा त्यांनी नुकत्याच नव्या घातल्या होत्या. लॉकर त्यांच्या स्वतःच्या जीपला होता.

मी पाऊण तास समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बराबर आहे, सर," ते म्हणाले. "लिमिटेड स्लिप म्हणजे समजदार माणूस. थोडं याचं ऐकते, थोडं त्याचं ऐकते. लॉकर म्हणजे हुकूम. पण पांधणीनं तुमचं भाषण ऐकलं नाई न. उद्या दोन्ही गाड्या घेऊन जाऊ. जिच्यानं निघन, थे ठेवजो."

दुसऱ्या दिवशी निघालो. पोळा होऊन आठवडा झाला होता आणि दोन दिवस पडलेला पाऊस पहाटे थांबला होता. पुढे सुनंदाची जीप, चालवायला ती स्वतः, शेजारी मी. मागे देवरावांच्या जीपमध्ये ते आणि विलासराव. आंजी मागे टाकली, डांबर संपलं, आणि दोन्हीकडे पराटी (कपाशी) आणि सोयाबीन सुरू झालं. मी खाली उतरून जमीन तपासली. आमच्याकडच्या मुरमात पाय घसरतो. इथल्या काळ्या मातीत पाय तिथेच राहतो आणि माणूस पुढे जातो. माझी उजवी चप्पल अशीच राहिली. विलासरावांनी ती ओढून काढली तेव्हा ती दुप्पट वजनाची झाली होती.

पहिला किलोमीटर आमची जीप उत्तम गेली. मी तसं दोनदा बोलून दाखवलं. मग नाला आला. पाणी घोटाभरच होतं, पण पलीकडच्या चढावर बैलबंड्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. पुढची चाकं वर चढली, गाडी तिरपी झाली आणि मागचं डावं चाक हवेत लोंबकळलं. सुनंदाने गॅस दिला. लोंबकळणारं चाक जोरात फिरलं. उजवं चाक थोडं हललं आणि थांबलं.

"हँडब्रेक अर्धा ओढ," मी म्हणालो. फिरत्या चाकाला ब्रेकचा अडसर दिला की लिमिटेड स्लिपला जोर धरायला काहीतरी मिळतं. हे पुस्तकात आहे. तिने ओढला. गाडी खरोखरच पुढे सरकली. साधारण अडीच फूट. मग ती पोटावर बसली.

देवरावांनी दोर बांधून आम्हाला मागे ओढलं. नंतर ते आपल्या जीपमध्ये बसले, थांबून सीटजवळची दांडी ओढली आणि त्याच चाकोरीतून, एक चाक हवेत ठेवून, रिक्षा चौकातून जावी तसे वर निघून गेले.

आमची जीप नाल्याअलीकडे ठेवून सगळे त्यांच्या गाडीतून वावरात पोचलो. मामाजी खाटेवर बसले होते. उंच, रुंद हाडाचा माणूस, उजवा हात मांडीवर पडलेला. आम्ही कशासाठी आलो हे सुनंदाने त्यांना सांगितलं. वांग्याची भाजी, भाकर आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा असं जेवण झालं. परत निघायची वेळ झाली तशी मामाजी उठले, काठी टेकत जीपपाशी गेले आणि मागच्या सीटवर चक्क आडवे झाले.

"बाबा, काय करून राह्यले?" विलासरावांनी विचारलं.

मामाजींनी डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर थाप मारली. "पेशंट," ते म्हणाले.

चाचणी त्यांच्यासाठीच होती, त्यामुळे हरकत घेणं कठीण होतं. विलासरावांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. खरी वेळ आली तर गाडी सुनंदाच चालवणार, म्हणून चालवायला ती बसली, शेजारी मी, आणि देवरावांनी तिला दांडी दाखवली. "उभं राह्यचं, ओढाचं, मग निघाचं," असं सांगून ते वजन कमी व्हावं म्हणून मागून पायी निघाले. सुनंदाने लॉकर वावरातच लावून घेतला.

येताना जाणवलं नव्हतं, पण नाल्याच्या वावराकडच्या बाजूला एक पट्टा असा होता, की पांधण धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेने जात होती आणि सगळी नाल्याकडे कललेली होती. दोन पुरुष खाली नाल्याचं पाणी आणि दगड. त्या पट्ट्यावर पोचलो आणि गाडीचं मागचं अंग, अजिबात आवाज न करता, नाल्याकडे सरकायला लागलं.

"ब्रेक मार!" विलासराव ओरडले.

"गॅस दे," मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी चूक यापूर्वी केली नव्हती. तिने दिला. गाडी आणखी हातभर खाली गेली.

मागून मामाजींचा आवाज आला. "सोड."

विलासरावांचा चेहरा उतरला. "बाबा, तुमाले कसं सोडू?"

"सोड! सोड!" मामाजी ओरडत होते आणि पडल्या पडल्या डावी टाच सीटवर आपटून पाय वर उचलत होते. परत आपटत, परत उचलत. त्यांना झटका आला असं मला वाटलं. विलासराव रडायला लागले होते.

सुनंदाने मान वळवून एकदा त्या पायाकडे पाहिलं. मग गॅसवरचा पाय काढला आणि दांडी खाली ढकलली. लॉकर सुटला. तिने अगदी हलका गॅस दिला. मागचं एक चाक फिरलं, दुसरं मातीला धरून राहिलं, आणि घसरण थांबली. फोर व्हील ड्राइव्हमुळे पुढची चाकंही जोर लावत होती, त्यांनी आम्हाला हळूहळू ओढलं. त्या पट्ट्याला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मी श्वास मोजत नव्हतो, घेतही नव्हतो.

मामाजींनी तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला होता. ट्रॅक्टरचा लॉक पायाने दाबायचा असतो आणि पाय उचलला की सुटतो. बांधलेली दोन्ही चाकं एकदम फिरली की उतारावर गाडीला धरून ठेवणारं कुणी उरत नाही, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. पान दोनशे चौदा.

नाल्याच्या काठावर सुनंदा थांबली. तिने आरशात पाहिलं. मामाजी म्हणाले, "लाव." तिने दांडी ओढली आणि आम्ही नाला पार केला. पलीकडे घट्ट जमीन लागताच तिने कुणी न सांगता लॉकर सोडला. ती खाली उतरली, मागचं दार उघडलं आणि सासऱ्यांच्या पायांवर हात ठेवून उभी राहिली.

देवराव मागून आले. त्यांच्या दोन्ही पायांना भोपळ्याएवढे चिखलाचे गोळे चिकटले होते.

"देवरावभाऊ," सुनंदा म्हणाली, "माह्या गाडीले लॉकर बसवा."

मी माझं कर्तव्य म्हणून आठवण करून दिली, की लॉकर विसराळू माणसासाठी नाही, आणि विलासरावांकडे पाहणं टाळलं.

"विसरणारा माणूस गाडी चालवणारच नाई," ती म्हणाली. विलासरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

देवरावांनी मामाजींना वावरात परत पोचवलं, आणि तिसऱ्या दिवशी मी परतीच्या गाडीत बसलो. पुस्तक पिशवीतच होतं. जमिनीप्रमाणे डिफरन्शिअल निवडावं, असं मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. ते चूक नाही. पण गाडीत कोण बसणार, त्याला काय भीती आहे, आणि मागच्या सीटवर कोण आहे, हे विचारायला मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगावंसं वाटतं, तर फळा नाही.

ऑक्टोबरात सुनंदाचा फोन आला. लॉकर बसला होता, आणि ती आणि विलासराव वावरात राहायला गेले होते. परतीचा पाऊस दोन दिवस पडत होता, आणि त्याच पावसात ती मामाजींना घेऊन पांधणीतून आंजीला गेली होती. मामाजींना काय झालं, मी विचारलं.

"काईच नाई. स्टँडवर चहा पेला दोघांनी. भजे खाल्ले. वापस आलो."

"मग एवढ्या पावसात काम काय होतं?"

"काम काईच नव्हतं, दादा," ती म्हणाली.