पाय धुवायला पाणी

नवरा कॉलेजात इतिहास शिकवायचा. निवृत्त झाल्यावर ऐकायला पोरं उरली नाहीत, तेव्हापासून तो मला शिकवतो. यंदा एप्रिलमध्ये त्याने दिग्रसकडचं टेकडीवरचं एक गाव काढलं. वर यादवांच्या काळातली वेस आहे, हेमाडपंती देऊळ आहे आणि त्याच्याभोवती तीसेक घरं अजून नांदतात, असं त्याचं म्हणणं. गावाचं नाव मला चांगलं ठाऊक होतं. यवतमाळला सरकारी कचेरीत मी पाणीटंचाईच्या टेबलावर होते. दर उन्हाळ्यात ते नाव यादीत चढवायचं काम माझंच. गाव मात्र कधी पाहिलं नव्हतं.

ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून पहाटेच निघालो. गाडी पायथ्याशी सावली बघून लावली. पुढे दगडांची पायवाट. अर्ध्यातच माझा जीव मेटाकुटीला आला, आणि हा मात्र दर वीस पावलांवर थांबून मला कुठल्या तरी दगडाचं वय सांगत होता. डोक्यावर पाण्याचे दोन-दोन गुंड, म्हणजे घागरी, घेतलेल्या बाया आम्हाला मागे टाकून वर गेल्या. त्यांना दगड बघायला वेळ नव्हता.

वेशीतून आत शिरलो न शिरलो तोच पहिल्याच घरातून पन्नाशीची एक बाई लगबगीने पुढे आली. अंगावर नवीकोरी साडी, घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या.

"या जी, या. लवकर आल्या तुमी. आमाले वाटलं, नऊ तं वाजतीन."

आम्ही येणार हे हिला कोणी सांगितलं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. ओसरीवर सतरंजी होती, भिंतीशी घासून लख्ख केलेले गुंड काठोकाठ भरून ओळीने मांडले होते आणि दाराशी पाण्याची बादली होती.

"पाय धुवा जी."

धुतले. नवऱ्याने तोंडही धुतलं, मान धुतली, रुमाल दोनदा भिजवून पिळला. मी तिने प्यायला दिलेल्या गडव्यातलं अर्धं पाणी प्यायले आणि उरलेलं अंगणात फेकलं. उष्टं पाणी ठेवायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. बाईचे डोळे त्या ओल्या मातीवर गेले आणि लगेच वर आले.

"पोरीचा फोटो आणला काय जी?" तिने विचारलं.

मग उलगडा झाला. तिच्या मुलासाठी सोयरीक आली होती आणि पुसदकडून मुलीचे आईवडील घर बघायला येणार होते. आम्ही देऊळ बघायला आलो म्हटल्यावर ती पायरीवर बसलीच. रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"चार सोयरिकी मोडल्या बाई. पोरगा निर्व्यसनी हाय, शेती करते. पण लोक येतात, पाण्याचं इचारतात अन् उठून जातात. म्हणून रातीच भरून ठेवलं होतं. भरलं घर दिसलं पाह्यजे न पाहुण्याले."

नवरा माफी मागू लागला. तिने ती अर्धीच ऐकली, बादली आणि आमच्यापायी रिते झालेले दोन गुंड उचलले आणि टेकडी उतरायला लागली. मी देऊळ पाहिलं. चांगलं होतं.

परत आलो तेव्हा पाहुणे पोचले होते. गुंड पुन्हा काठोकाठ भरलेले, बाईची नवी साडी पाठीवर घामाने चिकटलेली. पुरुषमंडळी ओसरीवर पीकपाण्याचं बोलत होती. मुलीची आई मात्र बसली नव्हती. ती भांड्यांच्या ओळीकडे बघत होती, आणि तिचा त्या ओळीवर विश्वास बसलेला नव्हता. मला बघून ती अंगणात उतरली.

"तुमी बाहेरच्या दिसता बाई. तुमाले कोणाचं काही नाही. खरं सांगा, इथं पाणी कसं हाय? माही एकच लेक हाय."

तिच्या मागे, चार पावलांवर, ओसरीच्या कडेला मुलाची आई उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, नुसती गुंडावर हात ठेवून उभी राहिली.

"आम्हाला तर पाय धुवायलाही दिलं," मी म्हटलं.

"पाय धुवाले?"

"हो. तोंड धुवायलाही."

तिचा चेहरा सैल झाला. "मंग ठीक हाय," म्हणाली आणि ओसरीवर जाऊन सतरंजीवर बसली. थोड्या वेळाने कोणीतरी चहा ठेवल्याचा वास आला. आम्ही निघालो.

उतरताना नवरा म्हणाला, "बरं केलंस. एक घर उभं राहिलं. आणि खोटं तर काही बोलली नाहीस."

नव्हते बोलले. पण मला लाज वाटत होती.

आमची मुलगी पुण्याला दिली आहे. सोयरीक पक्की करण्याआधी मी त्यांच्या फ्लॅटमध्ये हात धुण्याचं निमित्त करून आत गेले होते, आणि एकूणएक नळ सोडून पाहिला होता.