शब्दांच्या चिठ्ठ्या अन मालकिणीचे डबे

मालकीण म्हणजे माझी बायको. मी तिला जन्मभर त्याच नावानं हाक मारली. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना चहा करायचा होता अन कुणीतरी मला विचारलं, चहापत्ती कुठंय? मी नांदूरघाटला गुडघे जाईपर्यंत किराणा विकला. दुकानातली चहापत्ती डोळे झाकून काढून दिली असती. घरातली सापडेना. एकामागून एक डबे उघडले. डाळी निघाल्या, भांडी घासायची राख निघाली. शेवटी शेजारणीनं तिच्या घरनं चहापत्ती आणली.

पोरानं ते बघितलं. घराला कुलूप घालून मला बीडला घेऊन आला. मी रोज म्हणायचो, मला माझ्या घरी सोड. तो एकच बोलायचा, "आप्पा, सोताच्या घरात तुमाला काय सापडत न्हाई. एकटं राहून खाणार काय?" बीडचं घर वाईट नव्हतं. पण मालकीण तिथं कधी राहिलीच नव्हती, त्यामुळं डोळे मिटून कितीबी पडलं तरी ती तिथं येत नव्हती.

सून कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. घरीबी एक कॉम्प्युटर होता. त्याला फोनची तार जोडली की तो किरकिर करायचा, अन मग घरचा फोन कुणाला लागायचा नाही. त्या तारेतनं ती कधी न बघितलेल्या माणसांबरोबर एक काम करायची. एक सॉफ्टवेअर होतं, ते कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. ज्याला पाहिजे त्यानं फुकट घ्यावं, उघडून बघावं, बिघडलं तर नीट करून परत ठेवावं. मी म्हणलं, असला कुठं धंदा असतो का? ती म्हणली, धंदा नाहीच हा, पाणपोई समजा.

त्या सॉफ्टवेअरचं माहितीचं पुस्तक ही मंडळी मराठीत करत होती, अन शेवटची सूची सुनेच्या वाट्याला आलती. सूची म्हणजे कोणता शब्द कोणत्या पानावर, ते सांगणारी यादी. मशीनला मराठी अक्षरांचा क्रम नीट लागत नव्हता. जोडाक्षर आलं की ते त्याला कुठंबी फेकून द्यायचं. म्हणून तिनं शब्द कागदावर छापले, त्याच्या चिठ्ठ्या कापल्या अन माझ्यापुढं ठेवल्या. चौथीपर्यंतची बाराखडी मला येत होती. पडून राहण्यापरीस हे लावा म्हणली.

मी लावल्या, पण दुकान लावावं तशा. दुकानात हळदीजवळ कुंकू अन त्याच्याजवळ खारीक-खोबरं ठेवायचं, कारण लग्नाची यादी घेऊन आलेला माणूस हेच मागतो. तसं मी 'अक्षर'जवळ 'ठळक' ठेवलं अन 'पाना'जवळ 'छापणे'. 'पासवर्ड' सगळ्यात मागं ठेवला, कारण तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा नसतो.

सून हसायला लागली. मी चिडलो. म्हणलं, "कावून हसती? असं लावलं तर गिऱ्हाईक ताटकळत न्हाई."

"मामा, तुमच्या दुकानात गल्ल्यावर तुमी बसायचा. ह्या पुस्तकात कुणीच बसलेलं न्हाई. माणूस एकटा येणार अन त्याचं त्यानं शोधणार."

हे मला लागलं. माझ्या घराचं दुसरं काय झालं होतं?

परत 'अ'पासून बसलो. उन्हाळ्याच्या दुपारी होत्या. लाईट गेली की पंखा थांबायचा अन चिठ्ठ्या हलायच्या थांबायच्या. बसल्याबसल्या डोळा लागायचा. मग चिठ्ठ्यांचे डबे व्हायचे. 'खिडकी'चा डबा उघडला की त्यातनं नांदूरघाटचं ऊन भुईवर सांडायचं. 'जतन करणे'च्या बरणीला लोणच्याचा वास यायचा. मालकीण पाठमोरी बसून भाकरी थापत असायची. मी विचारायचो, गूळ कुठंय गं? ती मान न वळवता म्हणायची, "तिथंच हाय की." जितेपणीबी तिनं एवढंच सांगितलं. मग मला सापडायचं नाही अन तीच उठून द्यायची. स्वप्नात मात्र ती उठत नव्हती. थापण्याचा आवाज चालूच राहायचा, अन मी जागा झालो की कळायचं, लाईट कवाच आलीय अन पलीकडं सून कॉम्प्युटरवर बोटं मारतीय.

'छापणे'वरनं आमचं वाजलं. मला 'मुद्रण' पाहिजे होतं, पुस्तकात भारदस्त शब्द शोभतो. ती म्हणली, क्लासातली पोरं तर 'प्रिंट' बघतील. म्हणलं, मग तुला पटंल तो एक ठेव अन बाकीचे फेक. तवा तिनं समजावून सांगितलं की फेकायचं काहीच नसतं. माणूस ज्या नावानं शोधत येईल त्या नावाखाली त्याला वाट दाखवायची. प्रिंट, 'छापणे' पाहा. मुद्रण, 'छापणे' पाहा. मूळ वस्तू जागची हलवायची नाही.

मी 'मुद्रण'ची चिठ्ठी परत उचलली अन 'म'मध्ये लावली.

सूची तारेतनं निघून गेली, अन मी सुनेला म्हणलं, आता माझ्या घराची करू. आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं नांदूरघाटला गेलो. पोरगा ड्युटी करून संध्याकाळी येणार होता, मला परत न्यायला.

मी डबा उघडायचो, सांगायचो, ती लिहायची. ती म्हणली, डबे अक्षराच्या क्रमानं मांडून देऊ का? म्हणलं, हात लावू नको. गूळ उतरंडीच्या सगळ्यात वरच्या गाडग्यात निघाला, तिथवर मुंग्या जात नव्हत्या. काडेपेट्या चुलीवरच्या कोनाड्यात, तिथं ओल येत नव्हती. मालकिणीनं काहीच उगं ठेवलेलं नव्हतं. एकेक झाकण काढताना वाटायचं, तिचा हात आत्ताच इथनं निघाला.

एक पुरचुंडी सापडली. आत काळपट बिया होत्या. सुनेनं वास घेतला, मी एक दाताखाली धरून बघितली. दोघांनाबी ओळख लागेना. म्हणलं, लिही तरी.

पोरगा आला तवा सूची दाराला चिकटवलेली होती. उभ्याउभ्याच त्यानं विचारलं, हिंग? मी बोट खाली नेलं, 'ह' काढला, वाचलं अन जाऊन डबी आणली. बिब्बे? तेबी आणले. मग तो सोताच वाचायला लागला अन 'म'पाशी थांबला.

"आप्पा, हे 'माहीत न्हाई' काय हाय?"

"माहीत न्हाई. पण देव्हाऱ्याखालच्या फळीवर हाय."

तो गेला, पुरचुंडी सोडून बिया तळहातावर घेतल्या. परत बांधायला गेला तर आईसारखी गाठ त्याला बसेना. तशीच गुंडाळून जिथली तिथं ठेवून आला.

मग सुनेला म्हणला, चल, शेवटची गाडी निघून जाईल. माझ्याकडं न बघता चपला घातल्या.

"आयतवारी येतो," म्हणला.