तीन सह्यांची मुदतवाढ

जागेचे भाग पाडायच्या परवानग्या नगरपालिकेच्या ज्या खोलीतून निघतात, तिथे मुदतवाढीचं टेबल माझं. पंखा आहे, पण त्याचं तोंड साहेबांकडे. मंजुरी मिळाली की वर्षभरात हद्दीचे दगड बसवायचे, मागच्या भागाला जायची वाट मोकळी करायची आणि अंतिम दाखला न्यायचा, असा नियम. कोणी करत नाही. वर्ष संपत आलं की मंडळी माझ्यापुढे हजर. गवंडी पळाला, शेजारी भांडला, घरात आजारपण. ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

त्यात मुदतवाढ काकू वेगळ्या. हे नाव आमच्या शिपायाने ठेवलेलं, आणि काकूंना ते ठाऊक होतं. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या, त्यामुळे माणसाचा चेहरा बघायच्या आधी खांदा बघायच्या. "भाऊ, तुमची डावी बाही कोणी लावली हो? त्याच्याकडे परत जाऊ नका," हे त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं. नवरा गेला आणि जागेचा पुढचा भाग कोणाला, यावरून दोन्ही मुलांचं फाटलं. शेवटी काकूंनीच चिठ्ठ्या टाकल्या, नकाशा मंजूर करून घेतला. पण दगड काही बसेनात. दरवर्षी कारण एकच, गवंडी आजारी.

मुदतवाढ हवी तर सगळ्या हिस्सेदारांनी माझ्यासमोर बसून सही करायची, हा आमच्याकडचा जुना दंडक. म्हणून दरवर्षी बाकावर काकू मध्ये, थोरला एका टोकाला, धाकटा दुसऱ्या. दोघांत छत्तीसचा आकडा. भिंतीवरच्या सूचना वाचत बसायचे. काकू पिशवीतून थर्मास नि तीन कप काढायच्या आणि मला सांगायच्या, "चालू द्या तुमचं निवांत. आम्हाला घाई नाही." घाई नाही म्हणणारं दुसरं माणूस त्या खोलीत मी पाहिलं नाही.

एका वर्षी धाकट्याने सही करताना कागद अगदी डोळ्यांजवळ धरला.

"नंबर वाढला का रे?" थोरल्याने विचारलं.

"हं," धाकटा म्हणाला.

बस्स, एवढंच. पण काकूंचा कप हातातच राहिला. वर्षभर पुरेल असं काहीतरी मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गवंडी कधी आजारी नव्हताच, काकूंनी त्याला बोलावलंच नव्हतं. दोन मुलांना एका बाकावर बसवायला त्यांना दुसरी जागा उरली नव्हती. मला वाईट वाटलं. अर्ज नियमात बसत होता, मी शिक्का मारला.

मग नवं धोरण आलं. मुदतवाढ एकदाच, तीही पुराव्यासह. ज्यांनी आधीच घेतली आहे त्यांनी काम पुरं करावं, नाहीतर मंजुरी रद्द. खरं सांगतो, मला बरं वाटलं. निदान फायलींखालचं टेबल तरी दिसेल. तिघं आले, तेव्हा मी ते वाचून दाखवलं.

"म्हणजे दरवर्षी यायला नको?" धाकट्याने विचारलं.

"नको. दगड बसवा, दाखला न्या."

"सुटलो एकदाचे!" थोरला म्हणाला. "मी उद्याच गवंडी पाठवतो."

"दगड मी आणतो," धाकटा म्हणाला.

इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. "अरे, चहा तरी घ्या," काकू म्हणाल्या, तोवर दोघं उठलेही होते. एक जिन्याने गेला, दुसरा लिफ्टची वाट बघत थांबला. काकूंनी न उघडलेला थर्मास परत पिशवीत ठेवला.

पाहणीला मीच गेलो. दगड जागच्या जागी, मागे जायची वाट स्वच्छ. थोरला मी पोचलो तेव्हा भेटला, धाकटा तो गेल्यावर. दाखला काकू घेऊन गेल्या. त्याला एकाचीच सही पुरते.

पुढच्या वर्षी त्याच सुमाराला काकू पुन्हा बाकावर दिसल्या, एकट्याच. धोरणाने माझं काम कमी होण्याऐवजी वाढलं होतं. मंजुरी रद्द झालेले सगळे नव्याने अर्ज घेऊन येत होते. मी वैतागलेलाच होतो.

"काकू, तुमची फाइल बंद झाली. आता काय राहिलं?"

"भाऊ, पाडलेले भाग परत जोडता येतात का हो?"

"येतात. एकत्रीकरणाचा अर्ज असतो. पण तुमची मुलं जोडायला तयार होतील?"

"छे! कशाला होतील?" त्या शांतपणे म्हणाल्या. "सह्या कोणाकोणाच्या लागतात?"

"सगळ्यांच्या. आणि नकार असला, तर तोही इथे समोर येऊन लिहून द्यावा लागतो."

काकूंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मी उठलो आणि कपाटातून कोरा अर्ज काढला.

"तारीख तुम्हीच सांगा," मी म्हणालो. "दोघांना विचारा, सवड कधी आहे ते."

"मी विचारलं की सवड नसते त्यांना," काकू म्हणाल्या. "तुम्ही नोटीस काढा, भाऊ. नोटिशीला येतात."

मी नोटीस काढली.