पहिल्यापासून दाखवा

कोणी मध्येच बोलायला लागलं की ताई त्याच्याकडे न बघता उजवा पंजा वर करायच्या. रस्त्यात आडव्या आलेल्या गुराला थोपवावं तसा.

"थांबा जी. पहिले पहिल्याचं ऐकू."

समोर मिलचा मालक असो की चहावाला, तो थांबायचा. तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल. त्या पंजापुढे गप्प बसताना अपमान वाटत नाही, कारण आपली पाळी नक्की येणार हे माहीत असतं.

बालाघाटात बसस्टँडच्या मागे, टायरच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. धानाच्या मिलमधल्या वजनकाट्यांचे प्रोग्राम आम्ही लिहितो. ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन वाचायचं, फोटो काढायचा, पावती छापायची. ताई भरवेलीच्या खाण कॉलनीत वाढलेल्या. नागपुरात शिकल्या, पुण्यात नोकरी केली आणि आईचे गुडघे गेल्यावर परत आल्या. मी वयानं मोठा, तरी त्यांना ताईच म्हणायचो. त्या मला भाऊ म्हणायच्या. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर कुठूनही नेटवर्क शोधून फोन करतील आणि पुढचा अर्धा तास मला बोलता येणार नाही.

मी जन्मजात अपराधी माणूस आहे. वीज गेली तरी मला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं. 'सॉरी' तोंडातून आपोआप जातं. ताई वैतागायच्या.

"भाऊ, तुमचं सॉरी आयकून मशीन सुधरते का? काय झालं ते सांगा."

एकदा खैरलांजी रोडच्या मिलमध्ये धानाच्या ट्रॅक्टरांची मोठी रांग लागली होती. आम्ही काटा तपासायला गेलो होतो. कोण्या पुढाऱ्याचा ट्रॅक्टर मागून आला आणि सरळ पुढे घुसला. रांगेतले सगळे जमिनीकडे बघू लागले, आणि मीही. ताई हेल्मेट हातात घेऊन त्याच्या बोनेटसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, हटो. जानती हो किसका है?"

"ट्रॅक्टर कोणाचाही असो, काटा आज माझ्या हातात हाये. मागे घे, नाही तर बंद करते."

ड्रायव्हर हसला. ताईंनी आत जाऊन काट्याचं बटण खरंच बंद केलं आणि स्टुलावर बसून मिलच्या मुनीमजींकडे चहा मागितला. ट्रॅक्टर मागे गेला तेव्हाच काटा सुरू झाला. परतताना मी म्हणालो, "ताई, उगाच भानगड झाली असती." त्या म्हणाल्या, "झाली असती त झाली असती. तुम्ही व्हते ना सॉरी म्हणायले."

आता मुख्य गोष्ट. प्रोग्राम अडकला की डीबगर नावाचं अवजार लावतात. ते चालता प्रोग्राम जागच्या जागी थांबवून आत कोण काय करत होतं ते दाखवतं. एका प्रोग्राममध्ये एकाच वेळी बरीच कामं चालतात, त्यांना थ्रेड म्हणतात. आमच्याकडे पहिला थ्रेड मुख्य, बाकीचे त्यानं कामाला लावलेले. सगळ्या थ्रेडची हकीकत मागणारी डीबगरची एक आज्ञा आहे. ती शेवटच्या थ्रेडपासून सुरुवात करते, पहिला थ्रेड सगळ्यात खाली येतो. पडद्यावर ते सोयीचंच असतं, कारण आधीचा मजकूर वर सरकून जातो आणि शेवटी आलेला मुख्य थ्रेड नजरेसमोर राहतो.

पण खैरलांजी रोडच्या त्या मिलमधला काटा सारखा अडकायचा, आणि तिथला पडदा धुळीनं आंधळा झालेला. इंटरनेटही भरवशाचं नाही. म्हणून आम्ही एक पद्धत पाडली होती. डीबगरची सगळी हकीकत पावतीच्या प्रिंटरवर काढायची आणि मुनीमजींनी तिचा फोटो मोबाईलवर पाठवायचा. मुनीमजींचं आयुष्य पावत्या फाडण्यात गेलेलं. पावतीएवढा कागद बाहेर आला की त्यांचा हात तो आपोआप फाडायचा. उरलेला कागद खालच्या टोपलीत.

त्यामुळे आम्हाला दिसायचा फक्त वरचा, म्हणजे शेवटचा थ्रेड. तो फोटोचा. कॅमेऱ्याची वाट बघत बसलेला. आम्ही कॅमेरा बदलला. काटा पुन्हा अडकला. केबल बदलली, कॅमेऱ्याचा खांब हलवला. शेवटी मिलमालक म्हणाला, "कॅमेरा वही रहने दो, तुमको ही बदल देते हैं."

मग ताई स्वतः गेल्या. मुनीमजींच्या एका हातात चहाचा ग्लास दिला, दुसऱ्या हातात बिस्किटं. कागद येत राहिला, टेबलावरून खाली उतरला, मुनीमजींची बोटं वळवळत राहिली.

"मॅडम, इत्ती लंबी पर्ची?"

"खा जी, बिस्कीट खा."

अगदी शेवटी पहिला थ्रेड आला. एका वेळी एकालाच पुढे जाऊ देणारं कुलूप तोच धरून बसला होता आणि बाकीचे सगळे त्याच्या दारात उभे होते. बिचारा कॅमेरा निर्दोष.

परतीच्या वाटेवर ताई म्हणाल्या, "मुनीमजीचा हात काही बदलत नाही. अवजार बदलू."

मी म्हणालो, क्रम उलटवणारी एक छोटी स्क्रिप्ट आपल्यापुरती लिहू. "आपल्यापुरती काहून?" ताई म्हणाल्या. "असे मुनीमजी दुनियेत एकच हाये का?"

त्यांनी डीबगरच्या त्या आज्ञेला एक पर्याय जोडला. पर्याय दिला तर थ्रेड पहिल्यापासून येतील, नाही दिला तर पूर्वीसारखेच. बदल अगदी छोटा. तो त्यांनी डीबगर सांभाळणाऱ्या जगभरच्या लोकांच्या मेलच्या यादीवर पाठवला. पहिलं उत्तर आलं: याची गरज काय? ताईंनी मुनीमजींची गोष्ट लिहिली. दुसऱ्यानं लिहिलं, पहिल्यापासूनच बरं दिसतं, मग सगळ्यांसाठीच क्रम उलटवा की. मला आनंद झाला. ताईंना नाही.

"ज्याले उलटं पाहाची सवय हाये, त्याचं काहून मोडाचं? माह्या मनासारखं झालं म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर नाही बसाचं. मागंल त्याले भेटलं पाहिजे, बस."

तिसऱ्यानं बदल नीट चालतो हे दाखवणाऱ्या चाचण्या मागितल्या. ताई त्या लिहायला बसल्या, आणि तेवढ्यात आमच्या साहेबांना कळलं. ते गोंदियाहून आले आणि थेट ताईंच्या टेबलावर टेकले.

"मॅडम, वो वापस ले लो. अपनी तरकीब है, दूसरे काटेवालों को फोकट में क्यों देना?"

"सर, हे अवजार तुम्हाले कोणी विकत देलं का? लोकायनं बनवलं, तुम्ही फुकट वापरून राह्यले. त्याले मी एक दांडा लावला. दांडा तेवढा तुमचा कसा?"

"मतलब वापस नहीं लोगे?"

"नाही."

"तो फिर कल से घर बैठो."

"हौ, बसते. मेल त घरून बी जाते."

आणि कोणी काही विचारलं नसताना मी म्हणालो, "सॉरी सर."

ताई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय केलं जी?"

खरंच, काय केलं होतं मी? काहीच नाही. तेच मला अजून टोचतं.

त्यांनी डबा पिशवीत टाकला, चार्जर गुंडाळला, भिंतीवरचं बाबासाहेबांचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं. ते त्यांनीच आणलेलं होतं. जिन्यात टायरवाला म्हणाला, "ताई, आज लवकर?" त्या म्हणाल्या, "आज पहिले मीच निघाले." आणि गाडीला किक मारली.

चाचण्या त्यांनी भरवेलीच्या घरून पाठवल्या. नंतर यादीवरच्यांनी माहितीपुस्तकासाठी परिच्छेद मागितला, तोही पाठवला. प्रत्येक आक्षेपाला उत्तर, एकाही उत्तरात अजिजी नाही. एके दिवशी यादीवर छोटा निरोप आला: बदल स्वीकारला. डीबगरची पुढची आवृत्ती आली तेव्हा तो पर्याय तिच्यात होता. साहेबांनीच ती सगळ्या मिलमध्ये टाकायला सांगितली. आता मुनीमजी पावतीएवढा कागद फाडतात आणि त्या तुकड्यावर पहिला थ्रेड असतो. साहेब त्याबद्दल काही बोलत नाहीत.

ताई आता उकव्याला असतात, आईला घेऊन बहिणीकडे. दुसऱ्या कुठल्या कंपनीचं काम करतात म्हणे. फोन लागत नाही. लागलाच तर जंगलातल्या नेटवर्कमधून अर्धं वाक्य येतं, तेही बहुतेक कोणालातरी थांबवणारं.

मागच्या महिन्यात मेलच्या त्या यादीवर एका नव्या माणसानं सुचवलं, डीबगरमध्ये फार अडगळ झाली आहे. थ्रेडच्या क्रमाचा हा पर्याय काढून टाकू. तो कोणी वापरत असेल असं वाटत नाही. दोघातिघांनी होकारही दिला.

दुपारी उकव्याहून एक ओळ आली. नमस्कार नाही, खुलासा नाही.

"मी वापरते."

मी ती ओळ ऑफिसात उभ्यानं वाचली. साहेब पलीकडच्या खोलीत होते, दार उघडं होतं. मी खुर्ची ओढून बसलो आणि त्या ओळीखाली, कंपनीच्याच पत्त्यावरून, माझ्या पूर्ण नावानं लिहिलं: "बालाघाटात आम्हीही वापरतो. हा काढू देणार नाही."