अण्णांनी न वाचलेलं कार्ड

"तू हलकट आहेस," असं माझे वडील मला आयुष्यात एकदाच म्हणाले.

आणि लगेच पुढे म्हणाले, "माझ्यावर गेलीस."

आज अण्णांना जाऊन तीस वर्षं झाली. दरवर्षी मी त्यांचा काळ्या कोटातला फोटो टाकते, तुम्ही सगळे हात जोडता, आणि विषय संपतो.
या वर्षी फोटो नाही. या वर्षी खरं सांगते.

अण्णा जाण्याच्या सात-आठ वर्षं आधीची गोष्ट. मी रत्नागिरीतच बँकेत नवी नवी मॅनेजर झाले होते. स्वतःची व्हिजिटिंग कार्डं छापून आली होती. डोक्यात जरा हवाच गेली होती.

अण्णा माझा विसरलेला डबा द्यायला ब्रांचमध्ये आले. माझं टेबल डुगडुगायचं, म्हणून कुणीतरी दिलेलं एक कार्ड दुमडून मी पायाखाली सारलं होतं.

ते अण्णांना दिसलं. पंचाहत्तरीचा माणूस खाली वाकला, कार्ड ओढून काढलं, धोतराला पुसलं आणि सावकाश वाचलं.

"हा कोण गो?"
"असेल कोणीतरी. बर्फाचा कारखाना काढणार म्हणत होता."

तेव्हा ते वरचं वाक्य म्हणाले.

संध्याकाळी घरी पडवीत बसून त्यांनी सगळं सांगितलं.

तेहतीस-चौतीस साल असेल. अण्णा बाविशीचे, रत्नागिरीत एका वकिलांकडे कारकून. वकिलांची कार्डं मुंबईहून छापून यायची. कलेक्टरच्या बंगल्यावर गेलं की आधी पट्टेवाल्याच्या हाती कार्ड आत जायचं, मग माणूस. हे सगळं बघून बघून अण्णा कार्डाच्या रीतीभातीत अगदी पंडित झाले होते.

रत्नागिरीजवळच्या पालीच्या शाळेत त्यांच्याबरोबर गोविंद म्हणून एक मुलगा होता. शेतकऱ्याचा. मुंबईत सुतारकाम शिकून परत आला, तो एक कल्पना घेऊनच. आंबा तेव्हा बांबूच्या करंड्यांतून बोटीने मुंबईला जायचा आणि तळचा थर चेपायचा. गोविंद म्हणायचा, लाकडी पेटी करू, फटी ठेवू, आंबा जसाच्या तसा पोचेल.

अण्णांनाही ते पटलं. म्हणाले, "मोसमाआधी आमच्या वकिलांच्या ओटीवर बागायतदार जमतात. ये तू. मी ओळख करून देतो. पण रिकाम्या हाताने येऊ नको, कार्ड छाप."

आणि कार्ड द्यायचं कसं तेही शिकवलं. दोन्ही हातांनी, लग्नाची पत्रिका देतो तसं. अक्षरं घेणाऱ्याकडे. घेणाऱ्याने ते वाचायचं. वाचल्याशिवाय खाली ठेवलं तर तो अपमान.

गोविंद आला. पालीहून चालत. धुतलेला सदरा, पाय गुडघ्यापर्यंत तांबड्या धुळीने माखलेले.

ओटीवर दहा-बारा बागायतदार. तो थेट अण्णांसमोर आला आणि दोन्ही हात पुढे केले.

"घे बाळकृष्णा. पयला तुलाच."

शेजारी पावसचे एक बडे बागायतदार बसले होते. त्यांनी त्या पायांकडे बघितलं. "हा कोण रे तुझा?"

अण्णा म्हणाले, "कुणी नाही हो. गावाकडचा आहे."

कार्ड डाव्या हाताने घेतलं. वाचलं नाही.

इथवर सुद्धा मी समजू शकले असते.

पण त्या बागायतदारांनी पान मागितलं. डबीतला चुना सुकलेला, काडी सापडेना. अण्णांनी हातातल्या कार्डाच्या कोपऱ्याने चुना खरवडला आणि पानाला लावून दिला.

"बरी हो युक्ती," बागायतदार म्हणाले. "छापील काडी."

ओटीवर हशा पिकला.

"मीही हसलो," अण्णा म्हणाले. "सगळ्यांत मोठ्याने मीच."

गोविंदच्या हातात बाकीची कार्डं तशीच होती. त्याने ती नीट जुळवली आणि खिशात ठेवली.

"निगतो मी. लांब जायाचा हाय."

एवढंच बोलला. परत मुंबईला गेला असं नंतर कानावर आलं. पुढे सगळा आंबा लाकडी पेट्यांतूनच जायला लागला. पेट्या दुसऱ्यांनी केल्या.

मी विचारलं, "तुम्ही माफी मागितलीत ना?"
"नाही."
"का?"
"लाज वाटली गो. आधी त्याची वाटली, मग माझी."

अण्णा गेल्यावर त्यांची ट्रंक मी आवरली. तुम्ही दरवर्षी फोटोत बघता त्या काळ्या कोटाच्या वरच्या खिशात ते कार्ड होतं. एक कोपरा चुन्याने खाल्लेला, पिवळा पडलेला.

अण्णांनी मला सगळं सांगितलं होतं, एक गोष्ट सोडून. ती मला कार्ड वाचल्यावर कळली.

गोविंद भिकाजी.
आंब्याच्या मजबूत लाकडी पेट्या करून मिळतील.
मुक्काम पाली.

आणि खाली, बारीक अक्षरात:
माझी खात्री यांच्याकडे करून घ्यावी – श्री. बाळकृष्ण केशव, वकिलांची कचेरी, रत्नागिरी.

ज्याने त्या ओटीवर "कुणी नाही हो" म्हटलं, त्याचंच नाव.

पाली एसटीने तासाभराच्या आत येते. अण्णा साठ वर्षं गेले नाहीत. मी तीस वर्षं गेले नाही. गोविंदच्या घरच्यांना काय तोंड दाखवू, एवढाच विचार दर वेळी केला. त्या कार्डाचा फोटोही इथे टाकत नाही. त्यावर आता लाइक मोजायचे नाहीत.

अण्णा, तुमच्यावर माझा जीव होता आणि आहे. पण आजचा पहिला नमस्कार तुम्हाला नाही.

गोविंदकाका, तुमचं कार्ड आज दोन्ही हातांत धरून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं.

आमच्या घराकडून तुम्हाला श्रद्धांजली. फार उशिराची.