खिचडीच्या पंगतीतली चांदणी

पारनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेत आम्ही दोनच शिक्षक. पहिली ते चौथीची मुले दोन खोल्यांत बसतात. दुपारी मात्र व्हरांड्यात सगळ्यांची एकच पंगत पडते. मी भिंगारहून मोटारसायकलने येतो. छडी फार पूर्वीच सोडली. तरीही गोंगाट वाढला की माझा उजवा हात टेबलाच्या कडेवर काहीतरी शोधू लागतो, आणि ते लक्षात आले की मी तो खिशात घालतो.

गेल्या वर्षी नगरला झालेल्या एका प्रशिक्षणातून मी चिकटवायच्या सोनेरी चांदण्या घेऊन आलो. चांगले वागणाऱ्याच्या गणवेशावर चांदणी लावायची, खोडी केली की काढून घ्यायची, एवढाच नियम. परिणाम पाहून मी चकित झालो. चपला दाराशी ओळीत लागू लागल्या, नळाची भांडणे थांबली. एवढ्याशा कागदात अशी कोणती शक्ती असावी, या कुतूहलाने मी मुलांचे चेहरे न्याहाळत असे. खिचडी शिजवणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, "गुर्जी, मला बी लावा की एक! रोज चुलीपुढं धूर खाते, मीच काय खोडी केली?" मी खरोखरच त्यांच्या पदरावर एक लावली. संध्याकाळी घरी निघेपर्यंत त्यांनी ती काढली नव्हती.

त्याच सुमारास पहिलीत एक नवी मुलगी आली. तिचे आईवडील जिल्ह्याच्या पूर्वेकडून गावातल्या पोल्ट्रीवर कामाला आले होते. ती पंगतीत बसे, पण ताटाला हात लावत नसे. चौथीतली एक मुलगी आपण होऊन तिच्या शेजारी बसू लागली. समजावणे नाही, आग्रह नाही. आपल्या खिचडीतला एकेक वाटाणा ती धाकटीच्या ताटात सरकवायची आणि दुसरीकडे पाहत राहायची. धाकटी तो खायची. काही दिवसांनी ती खिचडीही खाऊ लागली. मला हे इतके भावले की एका सकाळी परिपाठाला, सर्वांसमोर, मी मोठीच्या गणवेशावर चांदणी लावली आणि ती कशाबद्दल, हेही सविस्तर सांगितले.

त्या दुपारी धाकटीभोवती ताटे घेऊन कोंडाळे जमले.

"खा गं, माझा वाटाणा खा!"

"ए सरक, मी आधी आलो. गुर्जी, बघा, माझा खाल्ला तिनं!"

"न्हाई गुर्जी, थुकलाय!"

मला हसू आले. धाकटीने ओढणीसारखा फ्रॉक तोंडावर घेतला आणि ती रडू लागली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. त्यानंतरही आली नाही.

मग एक दिवस शाळा सुटल्यावर मी पोल्ट्रीवर गेलो. तिची आई अंड्यांचे ट्रे रचत होती. "ती म्हनती, समदे माझ्या तोंडाकडं बगत्यात," ती म्हणाली. "मंग शाळाच नको म्हनती. दिसभर एकलीच बसती हितं कोंबड्यांपाशी. मी तरी काय करू, गुर्जी?"

कोंडाळे जमले त्या दुपारी मोठी मुलगी पंगतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती, हे माझ्या ध्यानात आले ते परतीच्या वाटेवर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पाण्याच्या टाकीजवळ गाठले.

"तू तिच्याजवळून का उठलीस?"

चांदणी जिथे चिकटवली होती तिथला डिंक ती नखाने खरवडत होती. "पोरं म्हनत्यात, चांदणीसाठी करती."

"आणि तू कशासाठी करत होतीस?" मला ते मनापासून जाणून घ्यायचे होते.

तिने खांदे उडवले. "आसंच."

सर्वांसमोर कारण सांगून मी त्या 'आसंच'चे काय करून ठेवले होते, हे मला तिथे उभ्याउभ्या उमगत गेले. "मग आता मी काय करू?" मी विचारले.

तिने नखातला डिंक झटकला. "तुमी तिकडं बगू नका, गुर्जी."

पंगतीत यापुढे चांदणी मिळणार नाही, असे मी त्या दिवशी मुलांना सांगितले. येताजाता पोल्ट्रीवर थांबून धाकटीच्या आईलाही सांगितले की, जेवताना आता कोणी पाहणार नाही, मीसुद्धा नाही. धाकटी एका सकाळी आईचे बोट धरून आली. दुपारी मी माझे ताट घेतले आणि पंगतीकडे पाठ करून, कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून बसलो.

"गुर्जी, भिंतीला काय शिकवताय?" मावशींनी वाढता वाढता विचारले.

"आज तीच मला शिकवते आहे," मी हळूच म्हणालो.

मागे ताटांचा आवाज होत होता. ती खाते आहे की नाही? मोठी तिच्याजवळ बसली असेल का? विचारले असते तर मावशींनी लगेच सांगितले असते. मी विचारले नाही. मग मोठीचा आवाज आला, "ए, माझा वाटाणा बी खाल्लास व्हय गं?" आणि कुणीतरी खुदकन हसले. ते हसणे मी शाळेत यापूर्वी कधी ऐकले नव्हते.

मान वळवण्याची इच्छा अनावर झाली. मी खिचडीचा घास घेतला आणि भिंतीवरून चाललेल्या मुंग्या पाहत राहिलो.