वळवू का, सिस्टर?

सिस्टरांना खडूच्या धुळीचा मनापासून तिटकारा होता. ज्या खोलीत माणसाला स्वच्छ कसं ठेवायचं ते शिकवायचं, त्या खोलीत फळा हवा कशाला? पण फळा आला, आणि फळ्यामागोमाग भाषेच्या बाईही आल्या.

कल्पना प्रशिक्षण केंद्राच्या संचालकांची. शाळा अर्धवट सुटलेली मोठी माणसं इथे रुग्णसेवकाचं काम शिकायला यायची. आधी त्यांना वाचायला-लिहायला शिकवायचं आणि मग काम, असं केलं की निम्मी माणसं बाराखडीतच गळून जात. म्हणून संचालकांनी दोन्ही एकत्र केलं, एकाच खोलीत, एकाच तासाला. सिस्टरांनी पलंगावरच्या रबरी बाहुलीला पुसून कसं काढायचं ते दाखवायचं, आणि तिथेच बाईंनी तापाचा तक्ता कसा वाचायचा, अर्धा चमचा म्हणजे किती आणि रुग्णाशी बोलायचं कसं, ते शिकवायचं.

"दोन सासवा एका स्वयंपाकघरात घातल्यात," सिस्टर घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या. नवरा वर्तमानपत्रातून "हं" म्हणाला. सिस्टरांचा सगळा जन्म वॉर्डात गेला होता, आणि त्याचा त्या "हं" म्हणण्यात गेला होता.

सिस्टरांची शिकवण्याची रीत सोपी होती. बघा, करा, पुन्हा करा, आणि हात चालू असताना तोंड बंद ठेवा. बाईंचं बरोब्बर उलटं. त्यांना प्रत्येक कामाला एक वाक्य हवं. सिस्टरांनी बाहुलीचा गुडघा दुमडला रे दुमडला, की बाई म्हणायच्या, "सिस्टर, एक मिनिट हं, हे आपण फळ्यावर लिहून घेऊ या." त्या एका मिनिटाची दहा व्हायची. बाहुली एक पाय वर करून पडलेली असायची आणि वर्ग 'गुडघा' लिहीत बसायचा. सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

रुग्णाला कुशीवर वळवायचा धडा आला तेव्हा तर बाईंनी कहर केला. फळ्यावर लिहिलं, 'मी तुम्हाला कुशीवर वळवणार आहे. वळवू का?' आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरात, 'थांबा.' वर्गात एक जुना बस कंडक्टर होता, तिकिटाचं यंत्र आलं तशी त्याची नोकरी गेली होती. त्याने उभं राहून खणखणीत आवाजात वाचलं, "वळवू का थांबा!" आणि तेवढ्यात बाहुली वळवूनही टाकली. वर्ग हसून लोळला.

"थांबा हे म्हणायचं नाही हो, करायचं," बाई म्हणाल्या. "विचारलं की उत्तराची वाट बघायची."

"रबराची बाहुली काय उत्तर देणार?" सिस्टरांनी विचारलं.

"बाहुली नाही देणार. माणूस देईल."

परीक्षेचा पेपर सिस्टरांनी काढला. बाईंचं म्हणणं होतं की विचारून थांबण्याला वेगळे गुण ठेवावेत. सिस्टरांनी हात जोडले. "थांबण्याला गुण? मग बसस्टॉपवरच्या सगळ्यांना पास करून टाका की!" शेवटी विचारण्याला एक गुण मिळाला तो बाईंची समजूत घालायला. बाकी सगळे गुण हाताच्या कामाला, तेही वेळ लावून. रुग्ण डाव्या कुशीवर, पाठीशी उशी, चादरीला सुरकुती नाही. वेळ टळली तर ते सगळे गुण शून्य आणि उमेदवार नापास.

आता पैलवानाबद्दल सांगायला हवं, कारण सिस्टरांचा खरा जीव त्याच्यात अडकला होता. पैलवान हे वर्गाने ठेवलेलं नाव, हा मूळचा गोदामातला हमाल. मानेचा पत्ता नाही, खांदे दाराएवढे, आणि तोंडाला कुलूप. गोदाम बंद पडलं आणि तो इथे आला. पहिल्याच दिवशी त्याने बाहुलीला उचलून खुर्चीत ठेवलं, ते इतक्या अलगद की सिस्टर बघतच राहिल्या. आयुष्यात शेकड्यांनी हात पाहिले होते त्यांनी, पण असे नाही. ओळखीच्या एका वृद्धाश्रमाच्या मॅनेजरकडे त्यांनी स्वतः शब्द टाकला होता. मॅनेजर म्हणाले, प्रमाणपत्र घेऊन या, त्याच दिवशी कामावर घेतो, पण या महिन्याच्या पुढे जागा रिकामी ठेवणार नाही. पैलवानाची बायको दोन ठिकाणी फरशा पुसून घर ओढत होती. म्हणजे या एका परीक्षेवर त्याचं सगळं घोडं अडलं होतं.

आणि हा गडी बोलायला तयार नाही! बाईंनी किती तास घालवले त्याच्यामागे. तो बाहुलीसमोर उभा राहायचा, ओठ हलवायचा, घाम पुसायचा.

"अहो, गोदामात कधी कुणाशी बोलला नाहीत का?" बाईंनी विचारलं.

"पोत्याला काय विचारायचं बाई?" पैलवान म्हणाला. महिन्याभरातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य ते हेच असावं.

पण बाई चिवट. परीक्षेच्या आठवड्यापर्यंत त्यांनी त्याच्याकडून ते वाक्य काढलंच. तो विचारायचा, "वळवू का?" आणि मग थांबायचा. खरोखर थांबायचा, बाहुलीच्या तोंडाकडे बघत. बाईंनाच शेवटी बाहुलीच्या वतीने "हो" म्हणावं लागायचं. सिस्टर कपाळाला हात लावायच्या. असे हात देवाने दिलेत, आणि या बयेने त्यांना ब्रेक बसवला!

परीक्षेच्या दिवशी नवंच संकट. दरवर्षी केंद्राचा वॉचमन रुग्ण होऊन पलंगावर पडायचा. त्याला ताप आला.

"पेशंटच आजारी पडला," कंडक्टर म्हणाला आणि एकटाच हसला.

बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ काढून बसलेले. जिवंत माणसाशिवाय परीक्षा घ्यायची नाही असा नियम. तेव्हा सिस्टरच चपला काढून पलंगावर आडव्या झाल्या. "चला, आटपा पटापटा."

पहिला कंडक्टर आला. "वळवू का?" म्हणता म्हणता त्याचे हात सिस्टरांच्या खांद्याखाली पोचले होते, आणि 'का' संपायच्या आत सिस्टर डाव्या कुशीवर होत्या. छान, वेळेत. सिस्टर खूश झाल्या. मग शिवणकामवाली आली. मग दोन सख्ख्या जावा, एकीपेक्षा दुसरी जोरात. प्रत्येक जण विचारत होता आणि वळवत होता.

सिस्टरांचा डावा खांदा बरीच वर्षं दुखत होता. ही गोष्ट त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. माणूस कसा उचलावा म्हणजे आपल्या अंगाला इजा होत नाही, हे शिकवून ज्या बाईने पोट भरलं, तिचाच खांदा माणसं उचलून कामातून गेलाय, हे कोणत्या तोंडाने सांगणार? आता दर खेपेला सगळं वजन त्याच खांद्यावर येत होतं. धाकट्या जावेला त्या म्हणाल्यादेखील, "अगं, जरा थांब." तिने लाडिक आवाजात "झालंच हं सिस्टर" म्हणून त्यांना उलथून टाकलं.

सिस्टर चिडल्या. आधी जावेवर चिडल्या, मग कंडक्टरवर, मग सगळ्या जगावर. हे विचारतात तरी कशाला? उत्तर नको तर प्रश्न कशाला करतात मेले?

पैलवान शेवटचा आला, सगळ्यांना "तुम्ही व्हा पुढे" म्हणता म्हणता. पलंगाजवळ उभा राहिला. परीक्षकांनी घड्याळ सुरू केलं.

"मी तुम्हाला कुशीवर वळवणार आहे, सिस्टर," तो म्हणाला. "वळवू का?"

आणि हात मागे घेऊन थांबला.

सिस्टरांच्या तोंडून निघून गेलं, "नको."

म्हणायचं नव्हतं त्यांना. पण दिवसभरात पहिल्यांदाच त्या शब्दाला जागा मिळाली होती, आणि तो आपला आपण बाहेर पडला. पैलवानाने मान हलवली. तो जागचा हलला नाही.

"अरे वळव," सिस्टर दातांवर दात दाबून कुजबुजल्या. "वेळ चाललीय."

"नको म्हणालात ना."

"आता हो म्हणते! वळव!"

पैलवान त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. सिस्टरांना वाटलं उठून याच्या एक कानाखाली द्यावी.

"दुखतंय का कुठं?" त्याने विचारलं.

हे वाक्य फळ्यावर कधीच नव्हतं. सिस्टरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न होता तो, आणि त्यांना मात्र तो कुणी विचारला नव्हता. म्हणूनच त्या आणखी चिडल्या.

"डावा खांदा," त्या पुटपुटल्या.

"मग उजवीकडं वळवतो. चालेल?"

"चालेल."

त्याने वळवलं. कधी वळवलं ते सिस्टरांना कळलंही नाही. पाठीशी उशी आली, आणि दुखऱ्या हाताखाली दुसरी उशी, जी पेपरात नव्हती. सिस्टरांनी डोळे मिटले आणि क्षणभर त्यांना उठूच नये असं वाटलं.

"वेळ संपून गेली," परीक्षक म्हणाले. "आणि पेपरात डावी कूस लिहिलीय. गुण शून्य. वाईट वाटतं, पण हे नापास."

सिस्टर ताडकन उठून बसल्या. अंबाडा सुटलेला, साडी चुरगळलेली. "नापास कसा? पेशंट नको म्हणाली! पेशंटचा खांदा दुखतोय! पेशंट मी आहे, मला ठाऊक!"

"पेपर कोणी काढलाय, सिस्टर?"

सिस्टरांनी सुटलेला अंबाडा घट्ट बांधला. बाई फळ्याजवळ उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं सिस्टरांनी टाळलं.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "पेपर तुमचा आहे. निकाल मी अजून लिहिलेला नाही, तेव्हा बदलायचा तर बदला, माझी हरकत नाही. रुग्ण हो म्हणेपर्यंत थांबलं पाहिजे, तो सांगेल त्या कुशीवर वळवलं पाहिजे आणि घड्याळ त्याने हो म्हटल्यावर सुरू, असं लिहा. म्हणजे हे पास. पण मग तोच नियम सगळ्यांना. बाकीच्यांपैकी कोण कोण थांबलं होतं?"

कोणीच थांबलं नव्हतं. बाहेरच्या ओसरीत सगळी मंडळी आपण पास झालोच या आनंदात चहा पीत होती, आणि कंडक्टरचा आवाज आतपर्यंत येत होता. सिस्टरांनी पैलवानाकडे पाहिलं. तो चादरीची सुरकुती काढत होता. आपल्याविषयीच बोलणं चाललंय, याचा त्याला पत्ताच नसावा.

"डोक्याला नुसता ताप आहे या एकत्र शिकवण्याचा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पेपर ओढून घेतला, दोन ओळी खोडल्या, तीन लिहिल्या आणि सही ठोकली. "घ्या. याला पास लिहा. बाकीच्यांची परीक्षा पुन्हा."

"सगळ्यांची?" परीक्षकांनी विचारलं. "आणि रुग्ण कोण?"

"मी काय मेले की काय?" त्या पैलवानाकडे वळल्या. "जा रे, बोलाव त्यांना."

"काय सांगू?"

"सांग, पेशंट वाट बघतोय."

बाई पुढे आल्या. "सिस्टर, पण तुमचा खांदा..."

"आत्ता विचारताय होय? एवढा वेळ भिंतीला टेकून उभ्या होतात ना! व्हा बाजूला." आणि कण्हत, कुरकुरत त्या पुन्हा पलंगावर आडव्या झाल्या.

कंडक्टर तोंड पुसत आत आला. पुन्हा कशाला, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पलंगाशी येऊन त्याने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "वळवू का?"

सिस्टरांनी छताकडे बघत, अगदी सावकाश, मनापासून उत्तर दिलं.

"नको."